पाचपैकी पाच

"काका, तुम्ही नेहमीसारखं काम करा. मी इथे नाहीच असं समजा," असं म्हणून गौरांगी स्टूल ओढून जनार्दनच्या मागे बसली.

केंब्रिजच्या त्या कारखान्यात जनार्दन बावीस वर्षं स्टोअर सांभाळत होता. सहा महिन्यांपूर्वी मालाच्या नोंदींसाठी नव्या कॉम्प्युटर सिस्टिमची ट्रायल झाली, तेव्हा वापरणारे दोघंच होते, तो आणि त्याला 'जे' म्हणणारी डोरीन. डोरीनने पाचपैकी दोन दिले. जनार्दनने ओळीने पाच. स्क्रीन गौरांगीने केलेली, आणि गौरांगी महाराष्ट्र मंडळातल्या अरविंदची मुलगी. लोकांकडे जेवून आमटी खारट होती असं सांगायची रीत त्याच्या घरात नव्हती.

आता डोरीनच्या नोंदी तीनदा चुकल्या होत्या. दोष तिचा ठरला तर सोमवारपासून ती पॅकिंगला, उभ्याने. तेच बघायला गौरांगी आली होती.

जनार्दनने चाळीस बेअरिंगांची नोंद उघडली, रॅक बदलला आणि सवयीने कीबोर्डखालची चिठ्ठी पुढे ओढली.

"हे काय?"

"काही नाही गं. आपलं आठवणीसाठी."

गौरांगीने वाचलं. 'रॅक बदलला की आकडा परत टाकणे. नाहीतर एकच नग नोंदला जातो.' खाली तारीख. जनार्दन किराण्याच्या यादीवरसुद्धा तारीख घालायचा.

"काका, ही ट्रायलच्या पहिल्या दिवसाची आहे."

"तुझा पहिलाच प्रोजेक्ट होता. म्हटलं, पोरीला कशाला..."

"डोरीनने हेच लिहिलं होतं. मी तिला सांगितलं, सीनियर युजरला तर काही प्रॉब्लेम नाहीये." तिने चिठ्ठीवर बोट ठेवलं. "तिला दाखवलीत कधी ही?"

"मराठीत आहे ना," जनार्दन म्हणाला. म्हटल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

गौरांगीने कोरा कागद पुढे सरकवला. "इंग्लिशमध्ये लिहून द्या. मॅनेजरला दाखवते."

तो लिहीत असताना डोरीन तिघांची कॉफी घेऊन आली. त्याच्या खांद्यावरून तिने कागद वाचला, मग पुन्हा वाचला.

"म्हणजे मी वेंधळी नाही," ती म्हणाली. "घरी नवऱ्यालाही सांगितलं होतं, आता वय झालं म्हणून. थँक यू, जे. तू शोधून काढलंस."

गौरांगी स्क्रीनकडे बघत राहिली.

जुनी चिठ्ठी टेबलावरच होती. तारखेचे आकडे मराठीत. डोरीनला ते वाचता आले नसते. तरी ती कॉफी संपवून जाईपर्यंत जनार्दनने त्या तारखेवरचा अंगठा उचलला नाही.