पडद्यावरची टाकी

वाशीच्या दूध संघात संगणक आला, पण त्याला दुधाची टाकी जोडून द्यायला माणूस मिळेना. शेवटी वायरमन पिराजी भर बैठकीत म्हणाला, "म्या जोडतो." सभासद हसले. हसायला काय जातंय!

साल सत्त्याऐंशीचं, दुष्काळाचं. रानात काडी नव्हती, घरोघरी चूल पेटायची ती दुधाच्या पैशावर. पिराजीनं टाकीतल्या थर्मामीटरची आणि दूध थंड करणाऱ्या मोटारीच्या खटक्याची वायर एका लोखंडी डब्यात आणली आणि डबा संगणकाला जोडून त्याच्या सूचना लिहिल्या. पडद्यावर टाकीचं चित्र उमटलं, शेजारी आकडा, चार अंश. आठवडाभरानं बघतात तर पडद्यावर चार अंश तसेच आणि टाकीतलं दूध नासलेलं. चाळीस गावांचं दूध ओढ्यात ओतावं लागलं.

चेअरमन नानासाहेब आवाज न चढवता म्हणाले, "शनवारपातूर बघू. न्हाय जमलं तर मशीन सोलापूरला माघारी, अन् तू परत मोटारींच्या तारा गुंडाळायला."

पिराजीला दोष कळला होता, उपाय सुचत नव्हता. संगणक एकदा डब्याकडं वळला की कुणी मोटारीचा खटका दाबेपर्यंत तिथंच खिळून राही. तोवर चित्र आणि आकडा जिथल्या तिथं.

आई बनाबाई भाकरी थापत होती. तिनं विचारलं म्हणून त्यानं तिलाही हेच सांगितलं. तिचा हात परातीतच थांबला.

"गावच्या आडाला आमाला शिवू देत न्हवते. कुनी पाणी वाढंल म्हणून घागर घिऊन उभं राहण्यात माझी निम्मी उमर गेली. तुझ्या मशीनला तरी ते शिकवू नको."

"मग काय शिकवू, आये?"

"नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यापाशी म्या बसून राहते व्हय? येता-जाता डोकावते. पाणी साचलं आसंल तर वाटीनं भरून घेते, न्हाय तर पुढच्या कामाला. परत फेरी हायच की."

पिराजी ताटावरून तसाच उठला. तीन दिवस त्यानं संगणकाच्या साऱ्या सूचना नव्यानं मांडल्या. चित्र काढायचं, डब्यात डोकावायचं, काही असेल तर घ्यायचं, नसेल तर पुढं, आणि पुन्हा चित्र. पन्नास चुका निघाल्या. गडी हटला नाही.

शनिवारी दुपारी नानासाहेब आले, मागं हसणारे सभासद. पिराजीनं मोटार बंद केली आणि थर्मामीटर कोमट पाण्याच्या बादलीत सोडला.

"खटक्यापाशी ऱ्हावा साहेब, पण दाबू नका."

आकडा चारवरच होता. पिराजीनं बादलीतलं पाणी हातानं ढवळलं. मग पाच झाले. सहा. आठाला पडद्यावरची टाकी लालभडक झाली आणि घंटा वाजली. नानासाहेबांनी खटका दाबला, तशी मोटार घरघरू लागली. आकडा मात्र चालतच होता. मागं कुणी हसलं नाही.

"एवढा वेळ आमी हात लावला न्हवता, तरी हे चालूच?" नानासाहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब." आडाच्या कडेला घागर घेऊन उभी असलेली आई पिराजीच्या डोळ्यांपुढं आली. "आता हे कुणासाठी उभं ऱ्हात न्हाय."