बदकाचा पाचवा टप्पा

माझी नणंद कधी काही पुसत नाही. ओटा नाही, टेबल नाही, कॉम्प्युटर तर मुळीच नाही. मी मात्र दर रविवारी सगळं लख्ख करणारी, आणि त्या लख्खपणानंच माझा घात केला.

एकेकाळी मी ब्राउझरवरचे खेळ बनवायचे. माझा बदकाचा खेळ जेवणाच्या सुट्टीत ऑफिसंच्या ऑफिसं खेळायची. मग मोबाइल आले, ब्राउझरांनी ते खेळ चालवणारं जुनं तंत्रच बंद केलं आणि आमची साइट बुडाली. मीही रागारागानं सगळ्या फायली पुसून मोकळी झाले.

परवा मेल आला. कुठली कोण हौशी मंडळी, बुडालेले खेळ शोधून पुन्हा चालते करतात, तेही पदरमोड करून! बदकाचे चार टप्पे त्यांनी चालवले होते. पाचवा तिथवर पोचल्यावरच सर्व्हरवरून वेगळा उतरायचा, तो कुणाकडेच नव्हता. "तुमच्याकडे असेलच ना?" मी रडत नणंदेचं घर गाठलं. माझ्या हातची सगळ्यात चांगली कामगिरी त्या टप्प्यात होती हो!

"वहिनी, रडतेस काय? माझा जुना डबा बघ," नणंद म्हणाली. ऑफिसनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर तिनं घरी आणून ठेवला होता.

"तू पाचव्यापर्यंत पोचायचीस?"

"रोज! टप्पा उघडला रे उघडला की साहेब हजर. जिंकले कधीच नाही."

ब्राउझर उघडलेल्या गोष्टींच्या प्रती गुपचूप साठवतो. माझ्यासारख्या शहाण्या त्या पुसतात. डबा कुरकुरत सुरू झाला आणि मी एकेक प्रत उघडत बसले. जाहिराती, कुणा हिरोचे सतराशे साठ फोटो...

"अगं, निदान हे तरी पुसायचंस!"

"पुसलं असतं तर?"

मी पुढचीच फाइल उघडली आणि पाचव्या टप्प्यातल्या छपरावर माझं बदक उभं! मी फाइल मंडळींना पाठवली. संध्याकाळच्या आत उत्तर आलं, की खेळ पुरा झाला, आता कुणीही खेळावा.

"सरक," नणंद म्हणाली. "आता साहेब नाही."

दोनदा तिचं बदक पडलं. तिसऱ्यांदा बदक तळ्यात उतरलं आणि पडद्यावर खेळ बनवणारी म्हणून माझं नाव झळकलं. मी अशी किंचाळले की शेजारी धावत आले.

"काय झालं?"

"जिंकली! आमची नणंद जिंकली!"

निघताना सवयीनं फडकं उचललं, तिच्या टेबलावरच्या धुळीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खाली ठेवलं.