फळ्यावर उतरलेला कापूस

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत, एका कोपऱ्याला वाळवी चाटून गेली आहे, पण माझा तोरा अजून कमी झालेला नाही. यवतच्या हौसराव सुतारांनी जांभळाच्या फळ्या जोडून मला घडवले, वाटलेला कोळसा लावून घेवड्याच्या पाल्याने चोळले आणि शाळेच्या ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून टांगले. सकाळच्या गाडीने पुण्याचे वर्तमानपत्र आले, की त्यातली मोठी बातमी माझ्यावर लिहायची आणि खाली एका विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाच्या चार ओळी लिहायच्या, असा गुरुजींचा नेम होता. संध्याकाळी सारे पुसले जाई.

सत्तावन्न साली त्या ओळी लिहायचे काम बानूकडे आले. कापूस पिंजणाऱ्या मीरासाहेबांची ही मुलगी. अक्षर टपोरे आणि लिहिण्याची हौस अशी, की खडू संपला तर हिरमुसून बसायची. पण लिहायची काय? 'उषादेवीच्या सुवर्णरथाचे आगमन होताच चराचर पुलकित झाले!' हे शब्द तिने कुठल्याशा निबंधमालेतून उचललेले असत. मला भारी अभिमान वाटे. रस्त्याने जाणारी माणसे मात्र बातमी वाचत, खाली एकदा बघत आणि टोपी सारखी करून चालू लागत.

हे शाळा कमिटीचे चेअरमन सोपानराव यांनी हेरले. तेल लावून पिळलेल्या मिशांचे हे गृहस्थ एक दिवस ओसरीवर येऊन म्हणाले, "गुरुजी, ह्यो फळा वाचतंय कोन? सोसायटीच्या गोदामाला दार न्हाई. उद्याचा बाजार झाला की काढून द्या."

बानूचे डोळे भरून आले. तिला लिहायला गावात दुसरी जागा नव्हती. मीही घाबरलो. दार होण्यात कमीपणा नाही, पण जन्मभर गोणी राखायच्या म्हणजे काय!

शाळा सुटल्यावर बानूची दादी, बिबीजान, तिला न्यायला आली. दादीला वाचता येत नव्हते. बानूने उद्यासाठी लिहिलेल्या ओळी तिला मोठ्याने वाचून दाखवल्या. दादीने पदर सावरला आणि विचारले, "हे कोन बोलतंय गं? तू न्हाईस."

"मीच लिवलंय, दादी."

"न्हाई. काल सोपानराव आपल्याकडं गादीचा कापूस पिंजून घ्यायला आलं व्हतं, तवाची गंमत घरी तू कशी सांगितलीस? तुजा बा हसून हसून लोळला. ती बोलनारी पोरगी कुठं गेली?"

"ते कसं लिवायचं? ते चेअरमन हायती!"

"मग त्यांचं नाव नगं लिवू," दादी म्हणाली.

बानूने फडके उचलले. मग तिने उषादेवीला रथासकट पुसून टाकले आणि लिहिले:

'परवा आमच्याकडे एक मोठे पाहुणे आले. अब्बांच्या पिंजणाची तात, म्हणजे ताणलेली दोरी, तुटली आणि कापूस उडाला. पाहुण्यांच्या मिशांना तेल होते. सगळा कापूस तिथेच बसला. पाहुणे तसेच गावातून गेले. जो तो त्यांच्यापुढे मान खाली घालत होता. त्यांना वाटले, आज आपला मान वाढला. माणसे हसू लपवत होती!'

दुसऱ्या दिवशी बाजाराची सगळी गर्दी माझ्यापुढे जमली. ज्यांना वाचता येत होते ते न येणाऱ्यांना वाचून दाखवत होते. भाजीवाल्या अनसाबाईने तर तीनदा ऐकले. एवढ्यात मागून आवाज आला, "सरका!" सोपानराव!

हसणारी तोंडे मिटली. बानू गुरुजींच्या मागे दडली. सोपानरावांनी एकेक ओळ बोटाने वाचली. वाचता वाचता त्यांचा हात हळूच मिशीवर गेला.

"तरीच!" ते म्हणाले. "मी म्हनतोय, लोक परवा एवढं वाकत व्हते का! आन् एकानंबी सांगितलं न्हाई व्हय रं?" मग ते असे खदखदून हसले, की त्यांचा पटका सुटला. "पोरी, कुनी शिकवलं हे लिवायला?"

बानूने भीत भीत दादीचे बोलणे सांगितले. तोवर घाबरून गुरुजींनी पुसायला फडके उचलले होते. सोपानरावांनी त्यांचा हात धरला. "पुसू नका, गुरुजी. आमच्या घरची मंडळी यायची हाय अजून."

संध्याकाळी त्यांच्या पत्नी वच्छलाबाई आल्या. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून स्वतः सोपानरावांनीच त्यांना स्वतःची फजिती वाचून दाखवली. गोदामाला दार दुसऱ्या लाकडाचे झाले.

बानू आता केंदूरला शिक्षिका आहे आणि तिच्या गोष्टी मासिकात छापून येतात. शाळेत नवा सिमेंटचा फळा झाला, तेव्हा मी सरपणात जाणार होतो. सोपानरावांनी मला बैलगाडीतून आपल्या घरी आणले. तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या फळ्यालाही अधूनमधून कोळसा आणि पाला चोळत जा. आणि त्याच्यावर लिहाल ते तुमचे स्वतःचे लिहा.

परवा सोपानरावांची नात माझ्यावर लिहीत होती. 'निशादेवीचा तारकाजडित शालू...' ती मोठ्याने वाचू लागली. मी ऐटीत उभा होतो. ओसरीवरच्या बाजेवरून म्हाताऱ्या सोपानरावांनी मान वर केली आणि विचारले, "हे कोन बोलतंय गं? तू न्हाईस."