मायनस पंचवीस

रिमवाल्याच्या दुकानासमोर लंबूने गाडीच्या टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घातला, चार बोटं आडवी धरून पाहिली आणि मान हलवली.

"मोठा टायर बसेल इथे. पण रिम जपून घे, चष्म्या. ती काळी नको."

चष्म्याचा जीव नेमका त्या काळ्या रिमवरच जडला होता. तो चष्म्यांचं दुकान चालवायचा म्हणून चष्म्या. त्याच्या स्वतःच्या नाकावर मात्र कधी चष्मा चढला नव्हता. लंबूच्या उंचीबद्दल तर काही सांगायलाच नको. पंप दुरुस्त करायला विहिरीत उतरला की शिडी निम्मीच लागते, असं लोक म्हणायचे. दोघांची मैत्री शाळेतली. ही फोर बाय फोर गाडीसुद्धा दोघांनी मिळून जुन्या बाजारातून घेतलेली. लंबूची गल्ली अरुंद, म्हणून ती चष्म्याच्या अंगणात उभी राहायची.

गाडी घेण्याचं कारण एकच होतं. खिंडीपलीकडे उंचावर एक तळं होतं. तिथे पोहोचायचं तर दोन ओढे आणि शेवटी नुसता दगडगोट्यांचा रस्ता. मिसरूड फुटायच्या वयात दोघांनी ठरवलं होतं, बघायचं तर दोघांनी मिळून, एकट्याने नाही. पुढे संसार आला, दुकानं आली आणि तळं दरवर्षी पुढच्या वर्षावर गेलं. मागच्या वर्षी जायचं पक्कं झालं, तर चष्म्याच्या पोटात गाठ निघाली. आता तो त्यातून उठला होता. पँट पट्ट्याने आवळावी लागत होती, पण उठला होता.

"काळीला काय झालं?" त्याने विचारलं.

रिमवाला पोट सावरत स्टुलावरून उठला. "साहेब, ऑफसेट बघायचा. म्हणजे चाक बोल्टच्या जागेपासून किती आत बसतं, किती बाहेर. ही मायनस पंचवीस. तुमच्या आत्ताच्या रिमपेक्षा चाक चांगलं तीन बोटं बाहेर येणार. दिसायला एक नंबर. गाडी छाती काढून उभी राहिल्यासारखी वाटते."

चष्म्याला ऑफसेटचं लगेच कळलं. त्याच्या धंद्यातही काचेचा मध्य जरासा सरकला की गिऱ्हाईक डोकं धरून परत यायचं. पण त्याने काही बोलायच्या आतच लंबू सुरू झाला.

"दिसायला काय करायचंय? फुल टर्न मारला की टायर मागच्या बाजूला घासतो. डांबरी रस्त्यावर पत्ता लागत नाही. दगडांत गाडी दबली की मग खर्र खर्र. आणि स्टिअरिंग असे हिसके देतं, की संध्याकाळी चहाचा कप धरवत नाही."

बोलता बोलता त्याने डाव्या हाताने उजवं मनगट चोळलं.

चष्म्या हसला. "लेका, एवढं कुठून शिकलास?"

"मोबाईलवर बघितलं."

लंबूला मोबाईलवर आलेला फोन उचलायला तीन वेळा बोट फिरवावं लागायचं. चष्म्याच्या मनात ते आलं आणि गेलंही. आज त्याला सगळं गोड लागत होतं.

"मोजूनच घेऊ ना," रिमवाला म्हणाला. त्याने जॅक लावला, नट सैल केले आणि पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलं. मग बॅटरी घेऊन मडगार्डच्या आत डोकं घातलं. बराच वेळ ते डोकं बाहेर आलं नाही.

"साहेब, मोठे टायर आधी घातले होते की. मग सांगायचं नाही का?"

"छे. कधीच नाही."

"हे बघा."

चष्म्या गुडघ्यांवर हात टेकून वाकला. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर, मागच्या बाजूला, तळहाताएवढा चट्टा होता. घासून घासून गुळगुळीत झालेला. खालची कड फाटली होती आणि कोणीतरी ती बारीक तारेने शिवली होती.

"जुन्या मालकाचं असेल," लंबू म्हणाला. घाईने म्हणाला.

जुन्या मालकाचं कसं असेल? हे अस्तर चष्म्याने स्वतः उभं राहून नवं बसवून घेतलं होतं, पोटात दुखू लागण्याच्या थोडंच आधी. आणि ती तार पंपाच्या मोटरीची होती. तसली तार त्याने लंबूच्या दुकानात शेकडो वेळा पाहिली होती.

"दुसऱ्या बाजूलाही असणार," रिमवाला सहज म्हणाला. "मायनसवालीच रिम होती. मी झिरोची आणतो आतून. ती लावा, निर्धास्त व्हा." तो गोदामात गेला.

चष्म्या तीन चाकांवर तिरक्या उभ्या गाडीकडे पाहत राहिला.

"कधी गेलास?"

लंबूने एक नट उचलून हातात फिरवला. "तू दवाखान्यात होतास तेव्हा."

"तळ्यापर्यंत?"

"हो."

एका शब्दात मोकळा झाला. चष्म्याला ते दिवस आठवले. लंबू पलंगाशी येऊन बसायचा, चेहरा रापलेला. उन्हात पंप काढत होतो, म्हणायचा. आणि निघताना हात दाबून, "तू बरा हो, मग जाऊ." त्या "मग जाऊ"वर चष्म्याने सुया सोसल्या होत्या, नळ्या सोसल्या होत्या. औषधापेक्षा त्याचाच गुण आला असं तो येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचा. असा केसाने गळा कापला होता माणसाने. वैऱ्याने कापला असता तर एवढं लागलं नसतं.

"थोडं थांबता नाही आलं तुला?"

"अरे, कसं सांगू..." लंबू म्हणाला. "डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं होतं. आशा ठेवू नका म्हणाले. गाडी विकायची ठरली. गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं. मला वाटलं, आता गेलो नाही तर कधीच नाही. टायर-रिम एका ओळखीच्याकडून आणले, घाईत मिळाले तसे."

"विकायची कोणी ठरवली?"

लंबू नटाच्या आट्यांवरून अंगठा फिरवू लागला.

"गाडी माझ्या अंगणात. किल्ली माझ्या घरात. तुला कोणी दिली?"

"वहिनींनी." लंबूने नट खाली ठेवला. "त्यांना बोल लावू नकोस. फार रडत होत्या. म्हणाल्या, भाऊजी, निदान तुम्ही तरी बघून या."

निदान तुम्ही तरी. चष्म्या रिमवाल्याच्या स्टुलावर बसला. म्हणजे तो तिकडे जगण्यासाठी धडपडत होता, तेव्हा इकडे त्याच्या मागचं सगळं आवरून झालं होतं. दोघांनी त्याला मनातल्या मनात पोचवला होता, आणि तो परत आला तेव्हा अळीमिळी गुपचिळी.

"कसं आहे तळं?"

खोटं बोलला असता तरी चाललं असतं. चिखल आहे, डबकं आहे, काही नाही त्यात, असं काहीही. पण लंबू आता खोटं बोलून दमला होता.

"सुंदर आहे रे," तो म्हणाला. "फार सुंदर आहे."

रिमवाला नवी रिम ढकलत आला. त्याच वेळी चष्म्याच्या खिशातला फोन वाजला. बायकोचा होता.

"अहो, झालं का चाकांचं? भाऊजींना जेवायलाच घेऊन या."

"चाललंय."

"या वेळी मात्र जाऊन याच. कधी निघताय मग दोघं?"

"लंबू नाही येणार," चष्म्या म्हणाला. "तू चल माझ्याबरोबर."

"मी?" ती हसली. मागे नळ वाहत होता, भांडी वाजत होती. "मी कशाला तुम्हा दोघांच्या मधे? लहानपणापासून तुमचं ठरलेलं ना?"

"त्याचं बघून झालंय."

भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने नळही बंद झाला. फोन मात्र तिने ठेवला नाही.