कुलाश आपाचं खमीर

आमच्या मंडळीत माणसाचा आत्मा किती स्वच्छ आहे हे बघायचं असेल, तर आधी त्याच्या घरचा टोस्टर उलटा करतात. वल्हांडण जवळ आला की बायका कोटांचे खिसे बाहेर काढून ब्रशनं घासतात, गाद्या अंगणात बडवतात, गाडीच्या सीटखालचा पावाचा चुरा काडीनं कोरून काढतात. त्याला लागूनच बेखमीर भाकरीचा सण; आम्ही ख्रिस्ती असूनही हे जुन्या करारातले सण पाळतो. सात दिवस घरात खमीर दिसता कामा नये असं नियमशास्त्र सांगतं. खमीर म्हणजे पाप, कारण दोन्ही फुगतं. हे मी लहानपणापासून ऐकत आले. पुढे इथं कझाकस्तानात अल्माटीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, ताराझच्या डेअरीत प्रयोगशाळेत नोकरीला लागले, आणि खमीर म्हणजे बुरशीच्या कुळातला एक साधा, निरुपद्रवी जीव आहे हे मला कळलं. त्यानं घरी काही फरक पडला नाही. टोस्टर उलटा होत राहिला.

मंडळीचे आधीचे वडील, म्हणजे प्रमुख, फार म्हातारे होते आणि त्यांना नीट दिसायचं नाही. ती देवाची केवढी कृपा होती, हे ते गेल्यावर समजलं. त्यांच्या जागी येफ्रेम भाऊ आले. चाळिशीचे, मधमाश्या पाळणारे, नजर लख्ख. पहिल्याच वसंतात, शनिवारच्या शब्बाथाच्या उपासनेनंतर, ते भर सभेत मला म्हणाले,

"इर्मा बहीण, तू शिकलेली आहेस. खमीर कुठं कुठं असतं, सांग सगळ्यांना."

मी अचूक उत्तर दिलं. तिथंच चुकलं. "धान्याच्या सालीवर असतं," मी म्हणाले, "द्राक्षांवर, आपल्या हातांवर. हवेतसुद्धा."

सभेत चुळबुळ झाली. येफ्रेम भाऊंनी क्षणभर छताकडे पाहिलं.

"हवेत? मग सात दिवस खिडक्या बंद."

"अहो, बाहेरून आत येते तीही हवाच, आणि आत आहे तीही," मागच्या बाकावरून विल्हेल्म आजोबा म्हणाले. "श्वासाचं काय करायचं?"

"श्वास नाकानं घ्या. मनाई खाण्याला आहे."

मग त्यांनी मुख्य घोषणा केली. यंदा वल्हांडणाला, प्रभुभोजनाच्या संध्याकाळी, एकमेकांचे पाय धुऊन झाल्यावर, प्रत्येकानं उभं राहून शपथ घ्यायची: माझं खमीर माझ्या घरात नाही, दुसऱ्याच्या घरात नाही, देवाच्या पृथ्वीवर कुठंही नाही. शपथ घेणार नाही त्याला भोजनाला बसता येणार नाही. त्याआधी घरोघर तपासणी होईल. सोबत मी, कारण मला खमीर ओळखता येतं.

'दुसऱ्याच्या घरात नाही' हे शब्द ऐकले तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आमालिया मावशीनं, मी तिच्याकडंच राहते, माझा हात घट्ट धरला.

मावशीकडं खमिराची एक बरणी आहे. गावातला सर्वांत चांगला काळा पाव त्या बरणीतून होतो. ते खमीर मावशीच्या आईचं. युद्धात सरकारनं आम्हा व्होल्गाकाठच्या सगळ्या जर्मनांना मालगाड्यांत कोंबून इकडं हाकललं, तेव्हा शिपाई घेता आलं तेवढं घ्या म्हणाले, आणि मावशीच्या आईनं खमीर फडक्यावर वाळवून त्याचा भुगा चोळीत बांधून आणला. भांडी आणली नाहीत. घरातलं घड्याळही तिथंच राहिलं. मावशी ते रोज पीठ-पाणी घालून जगवते, आणि प्रभुभोजन तिनं जन्मात एकदाही चुकवलेलं नाही. आजवर दोन्ही जमत होतं, कारण सणाआधी ती बरणी उचलून बोळापलीकडे कुलाश आपाकडं ठेवायची आणि सण संपला की परत आणायची. आपा कझाक, मुसलमान. तिला आमच्या सणाचं बंधन नाही.

"आता काय करू गं?" घरी आल्यावर मावशी म्हणाली. बरणी टेबलावर होती. "मोरीत ओतू? आईला मोरीत ओतू?"

"मावशी, नुसतं पीठ आणि पाणी कालवून ठेवलं तरी थोड्या दिवसांत नवं होतं."

"ते माझ्या आईचं असेल?"

अभ्यासक्रमात हा धडा नव्हता.

तपासणी सुरू झाली. झिना शिवणवालीच्या घरी दंतमंजनात खायचा सोडा निघाला. सोडाही फुगवतो, म्हणून मंजन गेलं. विल्हेल्म आजोबांच्या शक्तीच्या गोळ्या खमिराच्या होत्या, त्याही गेल्या. "शक्ती पापातनं येत होती म्हणायची," आजोबा म्हणाले. उपासनेच्या खोलीत भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं आहे. येफ्रेम भाऊंनी मला त्यावरचं लेबल वाचायला लावलं.

"यात काय आहे?"

"सोडियम बायकार्बोनेट."

"म्हणजे?"

"खायचा सोडा."

नळकांडं रस्त्यापलीकडं खाजकुइलीच्या झुडपांत नेऊन ठेवलं. आग लागली तर काय, असं मी विचारलं. सणात लागणार नाही, असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती, जणू त्यांनी वरून विचारून घेतलं होतं.

पण एक गोष्ट त्यांनाही खटकली आणि मलाही. एवढ्या घरांत फिरलो, सगळीकडं वर्षभर पाव होतो, आणि खमिराची बरणी एकाही घरात नाही. आमच्या मावशीची सोडून. ती टेबलावर तशीच होती, आणि मावशी तिच्यासमोर बसून होती.

"ही अजून इथं?" येफ्रेम भाऊ म्हणाले.

"शपथेआधी काय ते करते," मावशी म्हणाली. वर पाहिलं नाही.

"आणि बाकीच्यांच्या बरण्या कुठं आहेत?"

मावशीला खोटं बोलता येत नाही. तिची नजर बोळापलीकडं गेली.

कुलाश आपाचं उन्हाळी स्वयंपाकघर अंगणात वेगळं आहे. ती दाराशी लोणी घुसळत होती.

"आपा," येफ्रेम भाऊ म्हणाले, "आमच्या लोकांनी तुमच्याकडं काही ठेवलंय का?"

"ठेवलंय का विचारतोस? अरे, माझं लोणी ठेवायला जागा उरली नाही!"

आत फळीवर बरण्यांची रांग होती. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही फुगून झाकण उचलत होत्या.

"ही विल्हेल्मची," आपा एकेका बरणीवर बोट ठेवत म्हणाली. "व्हिनेगरसारखी आंबट. म्हातारा ती खातो कशी कोण जाणे. ही शिवणवालीची, पातळ, जीव नाही तिच्यात. ही निळ्या झाकणाची तुझी."

"माझी?"

"राइसा आणते ना दरवर्षी. हल्ली तू वडील झालास, तर अंधार पडल्यावर आणते. एवढाच फरक."

राइसा म्हणजे येफ्रेम भाऊंची बायको. आदल्याच शब्बाथाला तिनं बायकांना घरातलं आणि मनातलं खमीर यावर तासभर सांगितलं होतं. मी निळं झाकण उघडून वास घेतला. सवयीनं. चांगलं जिवंत खमीर होतं, नुकतंच पीठ घातलेलं.

"आम्ही रोजे धरतो," आपा म्हणाली, "तेव्हा आमची भांडी तुमच्या घरी नाही आणून ठेवत. तुमच्या देवाला बोळ ओलांडता येत नाही का रे?"

येफ्रेम भाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बरण्या फोडाव्यात, तर आपली पहिली फोडायची आणि मग घरी जायचं. गप्प बसावं, तर शपथ आपणच घातलेली. ते फळीकडं बघत उभे राहिले. मग त्यांना वाट सापडली. हुशार माणूस आहे, हे कबूल केलं पाहिजे.

"हे ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "हे दिलेलं आहे. दिलेली वस्तू घेणाऱ्याची होते. नियमशास्त्राच्या दृष्टीनं हे सगळं तुमचं, आपा."

"माझं?"

"तुमचं."

"सगळं?"

"सगळं. इर्मा साक्षी आहे."

आपानं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. शास्त्रीयदृष्ट्या खमिराला मालक नसतो, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

त्या दिवशी दुपारपर्यंत हा निर्णय गावभर झाला आणि घरोघर हायसं वाटलं. मी धावत मावशीला सांगितलं. आता ती नेहमीसारखी बरणी ठेवून येईल, असं मला वाटलं. मावशीनं डोक्याला रुमाल बांधला, बरणी छातीशी धरली आणि बोळ ओलांडला.

"आपा, हे घे. ठेवायला नाही. दिलं."

"परत कधी नेशील?"

"परत नाही."

आपानं मला विचारलं, "हिला ताप आहे का?"

"नाही, आपा," मावशी म्हणाली. "शपथ घ्यायची आहे. दिलं म्हणायचं आणि मनात ठेवलं असायचं, तसं मला नाही जमत. याला दोनदा पीठ लागतं दिवसातून. थंडीत चुलीजवळ ठेव."

आपानं मावशीच्या ओंजळीत वाळवलेल्या दह्याचे गोळे भरले. कुणाला रिकाम्या हातानं पाठवायची त्यांच्यात रीत नाही.

संध्याकाळी आम्ही एकमेकींचे पाय धुतले. मग एकेक जण उठून शपथ घेऊ लागला. येफ्रेम भाऊंनी घेतली, खणखणीत. राइसानं त्याहून खणखणीत. विल्हेल्म आजोबांनी 'देवाच्या पृथ्वीवर' म्हणताना जरा खोकून घेतलं. मावशीचा आवाज इतका बारीक निघाला की येफ्रेम भाऊंनी तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिनं पुन्हा म्हटलं.

सण गेला तसा गेला. आम्ही पुठ्ठ्यासारख्या भाकरी खाल्ल्या, बंद खिडक्यांत बसून घाम पुसला. मावशी पहाटे उठून सवयीनं पिठाच्या डब्यापर्यंत जायची आणि परत येऊन बसायची.

शेवटच्या दिवशी सूर्य डोंगराआड गेला आणि मी खिडकी उघडली, तर बोळात अख्खी मंडळी. सगळे कुलाश आपाच्या फाटकाशी उभे. हात पाठीमागं. प्रत्येकाच्या पाठीमागं एक रिकामी बरणी.

मी बाहेर गेले. बोलणं जर्दाळूच्या मोहोरावर चाललं होतं.

"यंदा मोहोर बरा आहे," झिना म्हणाली.

"गारा पडल्या नाहीत म्हणून," विल्हेल्म आजोबा म्हणाले.

"देवाची दया," राइसा म्हणाली.

पुढं कुणी सरकेना. कारण 'माझी बरणी दे' म्हणायचं, तर आठवड्याभरापूर्वी भर सभेत घेतलेली शपथ खोटी होती असं म्हणावं लागणार होतं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं आधी म्हणावं. आपा फाटकावर कोपर टेकून उभी होती आणि मजेत होती.

"चहा घेता का?" ती म्हणाली. "का मोहोर बघायलाच आलात?"

शेवटी राइसाला राहवलं नाही. "आपा, ती आमची निळ्या झाकणाची..."

"कुणाची?"

राइसानं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं जर्दाळूकडं पाहिलं.

"इर्मा," आपानं हाक मारली, "तू होतीस ना गं साक्षीला? कुणाचं म्हणाला होता हा?"

"तुझं," मी म्हणाले. "सगळं."

येफ्रेम भाऊ पुढं झाले. माणूस मोडला तरी ताठ उभा राहतो, तसे. "आपा, आम्हाला तुमच्या खमिरातलं थोडं द्याल का?"

"का नाही? शेजारी कशाला असतात!"

आत जाऊन तिनं एक बरणी आणली आणि त्यांच्या हातात दिली. वासावरूनच कळलं. विल्हेल्म आजोबांची.

"अहो, पण ही..." राइसा म्हणाली.

"ही काय? माझीच आहे. हवी ती देते."

मग आपानं वाटायला सुरुवात केली. निळं झाकण झिनाला गेलं. झिनाचं पातळ पाणी विल्हेल्म आजोबांना मिळालं, त्यांनी वास घेऊन तोंड वाकडं केलं. कुणालाही आपलं आपल्याला मिळालं नाही, आणि कुणाला तक्रारही करता येईना, कारण तक्रार करायला आधी 'आपलं' म्हणावं लागलं असतं. असं चोख कायद्यानं चाललेलं काम मी आमच्या गावात पहिल्यांदाच पाहिलं.

राइसानं आपली ती आंबट बरणी झिनाच्या हातातल्या निळ्या झाकणाशेजारी धरून पाहिली. मग ती गोड आवाजात म्हणाली, "आपा, त्यापेक्षा आमालियानं दिलेलं द्या ना. तिला तर नकोच आहे. ती आलीसुद्धा नाही."

"ते नाही," आपा म्हणाली. "ते मला दिलंय."

"सगळ्यांनीच दिलंय की!" येफ्रेम भाऊ म्हणाले.

आपा नुसतं त्यांनी घरून न्यायला आणलेल्या रिकाम्या बरणीकडं बघत राहिली. तेही बघू लागले. मग ते घरी गेले.

सकाळी आपा आमच्याकडं आली. फडक्यात गरम काळा पाव होता. मावशीनं तो हातात घेतला, पाठीवर टिचकी मारून आवाज ऐकला, तुकडा मोडला, पण लगेच खाल्ला नाही.

"मीठ कमी पडलंय," खाल्ल्यावर ती म्हणाली.

"माझं खमीर, माझं मीठ," आपा म्हणाली.

मावशी तुकडा चघळत राहिली. मग तिनं लहान मुलीसारखं विचारलं, "आपा, तुझ्या खमिरातलं थोडं देशील मला?"

"काल का नाही आलीस मागायला?"

"काल सगळे आपापलं मागायला आले होते. त्यांच्यात कशाला उभी राहू?"

आपानं ओढणीखालून वाटी काढली. ती घेऊनच आली होती. मावशीनं वाटीवर नाक ठेवलं आणि तिथंच ठेवून बसली. मी वाटीत डोकावले. बुडबुडे येत होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं असतं तर आठवड्याभरापूर्वीचंच दिसलं असतं, पण कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात बोळातून राइसा गेली. आज घरात पाव फुगला नाही, असं ती कुणाला तरी सांगत होती.

"ऐक," आपा उठता उठता मावशीला म्हणाली. "पुढच्या वर्षी तुझं खुशाल मोरीत ओत. माझ्याकडं माझं आहेच."