न सांगितलेलं माप

थोरल्याची खोड जुनीच. करायचं सगळं, पण कसं केलं ते जिभेवर येऊ द्यायचं नाही. कॉम्प्युटरवरचा बंदराचा खेळ त्यानं बनवला, चार लोकांनी वाखाणला, तेव्हापासून तर स्वारीचे पाय जमिनीला लागेनात. पण लोक खेळायचे ते धाकटीच्या जहाजांपायी, हे आईला शिलाई मशीनवर बसल्या बसल्या कळत होतं. दुसऱ्याच्या खेळात आपल्या पदरचं काही घालायचं, त्याला ही पोरं मॉड म्हणतात. धाकटीनं रक्त आटवून जहाजं बांधली. "दादा, खेळ आतून कसा चालतो तेवढं लिहून दे ना," म्हणून त्याच्या मागे लागायची. दादाचं ठरलेलं उत्तर, "हुशार असतील ते शोधतील."

परवा त्यानं खेळात बदल केले आणि पाण्याची मोजणी फुटांवरून मीटरवर नेली. सांगितलं कुणाला? भिंतीला! बारा फूट पाण्यात बसणारं जहाज बारा मीटर खाली गेलं नि तळाला टेकलं. सगळीच टेकली. खेळणाऱ्यांनी धाकटीचा उद्धार केला.

आणि आता हा दारात उभा. "आई, तिला म्हणावं, चूक तुझीच होती असं जाहीर लिहून टाक. माझ्या कंपनीचं नाव जातंय."

डोळे सुजलेली धाकटी खरंच लिहायला बसली.

"ऊठ गं," आईनं कात्री खाली ठेवली. "का रे, शिंप्यानं टेप बदलली तर काजं करणारीला सांगतो की नाही?"

"खेळ म्हणजे झबलं नाही, आई. तुला नाही कळायचं. आणि लिहीत बसायला वेळ कुणाला आहे?"

आई हसली. तिचं हे हसणं घरात कुणाला सोसत नसे. "दुसऱ्या एका कंपनीनं हिला बोलावलंय. ते सगळं लिहून देतात म्हणे. तुझ्यापायी नाही म्हणाली होती वेडी. आत्ता माझ्यादेखत फोन करून हो म्हणेल."

धाकटीनं फोन उचलला. थोरल्याचं तोंड पांढरं पडलं. "अगं, ही गेली तर माझा खेळ खेळणार कोण?"

"आत्ता खरं बोललास," आई म्हणाली. "वेळ नव्हता म्हणे! लिहून दिलं असतंस तर ही तुझ्या पुढे गेली असती, ती धास्ती होती तुला. पोटची दोन पोरं माझी, अक्कल एकीलाच आली. जा, बस आपल्या रिकाम्या बंदरात. तिथं राखणदार लागेल, तेवढं काम तुला झेपेल."