बारक्या फुलाची रानशेवंती

आमची टेकडी सडायला लागली ती खालून. वर सगळं हिरवंगार, फुलं डुलताहेत आणि मुळं काळी ठिक्कर. माझ्या लक्षात आलं ते वहिनीमुळे. वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून रोपवाटिका आम्ही दोघीच बघतो. एका सकाळी ती हातात एक गड्डा घेऊन आली आणि म्हणाली, "वन्सं, वास घ्या." घेतला. कुजक्या बटाट्यासारखा वास होता.

टेकडी कसली, रोपवाटिकेच्या मागचा उतार आहे तो. पण रानशेवंती आता रानात दुसरीकडे कुठेच उरलेली नाही. तिचं सगळं रान गोदामांखाली आणि रस्त्याखाली गेलं. उरला तो आमचा उतार, आणि तोही बाबांच्या हट्टापायी. कुंपण घातलं, चारचौघांशी भांडणं अंगावर घेतली, पण त्यांनी तो राखला. हंगाम संपला की दांडे वाळून जातात आणि पुढच्या खेपेला त्याच गड्ड्यातून पुन्हा फुटतात. फूल पिवळंधमक, मध्ये तपकिरी डोळा, आणि असं टपोरं की रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची. बाबांना त्याचा कोण अभिमान! आता अंथरुणाला खिळलेत, तरी पलंग खिडकीशीच हवा. टेकडी दिसली पाहिजे ना.

कुजलेला गड्डा मी तपासायला नेला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी तो चिरला, काचेखाली धरला आणि सरळ सांगितलं की हा रोग औषधाला दाद देत नाही. फुटवे काढून दुसरीकडे लावाल तर रोगही त्यांच्यासोबत जाईल. बियांतून मात्र तो जात नाही.

"बी धरा," त्या म्हणाल्या. "नव्या जागेत पेरा. वाचेल."

माझ्या जिवात जीव आला. बी धरायचं तर धरू, आम्ही काय आजचे आहोत? खरं सांगायचं तर रानशेवंतीचं बी आमच्याकडे कुणी कधी धरलंच नव्हतं. फुटवा लावला की काम झालं, बियांच्या नादी कोण लागतंय! वहिनीने आणि मी वाळलेली बोंडं खुडली, चोळली, पाखडली आणि ताज्या मातीच्या ट्रेमध्ये पेरली. देव पाण्यात घालून बसलो म्हणा ना. एक कोंब वर आला नाही. उरलेलं बी पाण्यात टाकलं तर सगळं तरंगलं. ब्लेडने चिरून पाहिलं, आत काही नाही. एकूण एक पोचट.

पुन्हा प्रयोगशाळा. बाईंनी विचारलं, "ही झाडं कुठून आली?"

"आली कुठून म्हणजे? रानातलीच आहेत."

"एकाच झाडाचे फुटवे नाहीत ना? रानशेवंतीला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या झाडाचा मिळाला तरच दाणा भरतो. आणि फुटवा म्हणजे दुसरं झाड नव्हे. तेच झाड, फक्त दुसऱ्या जागी."

"अहो बाई, आख्खा उतार भरलाय!"

"एकाचेच फुटवे असतील तर तुमच्या उतारावर एकच झाड आहे."

मी तणतणत घरी आले. पुस्तकं वाचून वाचून माणसाचं डोकं फिरतं, असंही वहिनीला म्हणून घेतलं. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि उजाडल्यावर आम्ही दोघी शोधायला निघालो. दुसरं झाड हवं होतं. एक मिळालं असतं तरी पुरे होतं.

शिंप्याच्या दारात कुंडी होती. पोस्टाच्या आवारात वाफा होता. निवृत्त नर्सबाईंच्या गच्चीवर तर फुलांचा नुसता खच. ज्याला विचारावं तो कौतुकाने सांगायचा, "तुमच्या बाबांनीच दिलंय की!" बाबांनी गावभर हौसेने फुटवे वाटले होते. पंधरवडाभर तेच एक वाक्य ऐकून माझे कान किटले, आणि उकरून बघावं तर गड्डा तिथेही काळाच. मग पंपावरचा म्हातारा म्हणाला की पाण्याच्या टाकीमागे पिवळी फुलं बघितलीत. धावत गेलो. कसलंसं तण होतं. वहिनी तिथेच दगडावर बसून रडायला लागली. मी तिच्यावर खेकसले, कारण नाहीतर मीही रडले असते.

बाबांना आम्ही यातलं काहीच सांगितलं नव्हतं. वहिनीने तशी शपथच घातली होती मला. पण एक गोष्ट त्यांनाच विचारण्यासारखी होती. त्यांचं अंग पुसता पुसता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, तुम्ही यायच्या आधी टेकडीवर कशी होती हो रानशेवंती?"

बाबा खुलले. "भिकार होती! बारकं फूल, किडकिडीत दांडा. कुणी फिकं, कुणी गर्द, कुणाच्या पाकळ्या आखूड. एकाचं तोंड एकीकडे, दुसऱ्याचं भलतीकडे. एकच झाड होतं वर खडकापाशी, टपोऱ्या फुलाचं. त्याचे फुटवे काढत गेलो आणि बारकी उपटत गेलो. तुझी आई म्हणायची, राहू द्या की दोन-चार. म्हटलं छे! राखायचं तर चांगलं राखायचं. एक ठेवलं नाही, ठकू. किती वर्षं खपलो त्यासाठी!"

मी मूग गिळून गप्प बसायला हवं होतं. पण माझं तोंड! "बाबा, ती बारकीच हवी होती," मी ओरडले. मग सगळंच बाहेर पडलं. रोग, पोचट बी, आमची वणवण. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे अशी बघत होती की काही विचारू नका.

बाबांचं आयुष्य रोपांत गेलेलं, त्यांना दोनदा सांगायची गरज नव्हती. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"एकसुद्धा नाही सापडलं?"

"नाही."

"मला वाटायचं, मी चांगलं केलं."

त्यांना जवळ घेऊन म्हणायला हवं होतं, चांगलंच केलंत. मला नाही म्हणता आलं. हातातला ओला टॉवेल पिळत मी तशीच बसून राहिले, आणि पाणी पलंगावर ठिबकत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "सगळं काढा आणि जाळा. खालच्या वाफ्यांत उतरला रोग तर खाल काय?" बरोबरच होतं ते. आम्ही कुदळी घेतल्या. बाबांना बाहेर यायचंच होतं, म्हणून खुर्चीत बसवून उताराच्या पायथ्याशी आणून ठेवलं. आम्ही खणत होतो आणि ते बघत होते. पार वरपर्यंत माती उघडी पडली तेव्हा त्यांनी काठी उचलली.

"ठकू, त्या दगडाच्या कडेला एक राहिलंय."

मी गेले. दगडाच्या सावलीत एक झाड उभं होतं. दांडा किडकिडीत. पानंही लहान. एक कळी होती, अजून घट्ट मिटलेली. "वहिनी!" मी हाक मारली, ती अर्ध्या उतारावरून पळत आली, आणि आम्ही दोघी त्या झाडापुढे चक्क गुडघ्यावर बसलो.

"काय आहे?" बाबा खालून विचारत होते. "बारकं आहे का?"

"बारकं दिसतंय!"

"हात लावू नका. उमलू दे."

ते तेवढं ठेवलं. बाबा रोज खुर्ची वर न्यायला लावायचे. आमचा दोघींचा दम निघायचा, पण आम्ही न्यायचो. त्यांना जेवण जायला लागलं. नव्या वाफ्यासाठी जागा कुठली, गावातल्या कुठल्या कुंडीतला पराग त्याला कसा लावायचा, सगळं ठरलं. झाडं मोडून बसलेल्या घरात आम्ही तिघं चक्क हसत होतो.

कळी एका सकाळी उमलली. सावलीत वाढलं म्हणून दांडा बारीक राहिला होता, एवढंच. फूल टपोरं होतं. पिवळंधमक, मध्ये तपकिरी डोळा, त्यांनी आयुष्यभर राखलं तसंच्या तसं.

बाबांनी ते बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तेच आहे. काढ."

मी काढलं.